स्वच्छ हवेचा आकडा

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तीन वर्षं आणि वर काही महिने. एवढ्या दिवसांच्या मौनाबद्दल माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. दोनदा सुरुवात करून कागद फाडले. एकात तुझी तब्येत विचारली होती, दुसऱ्यात इथल्या थंडीबद्दल लिहिलं होतं, आणि दोन्ही वाचताना माझीच मला लाज वाटली. म्हणून सरळ कामाचं लिहिते. कामाचं विचारलं की तू उत्तर देतोस, रुसलेला असलास तरी.

आईचे गुडघे आता अगदीच गेलेत. डॉक्टरीणबाईंनी जिना बंद सांगितला. आई म्हणाली, "खालच्या खोलीत मी झोपणार नाही." त्या म्हणाल्या, "मग जिन्यावर झोपा, मधल्यामध्ये." आईला हसू आलं, पण ऐकलं नाही. खाली खोली एकच आहे. कुठली ते तुला सांगायला नको.

तिथला गॅसचा हीटर बाबा गेले तेव्हाच काढून टाकला होता. त्याच्या नळीचं भोक गवंड्याने विटांनी बुजवलं. आता तिथे विजेचा हीटर ठेवलाय. बाबांनी खिडकीच्या फटींवर चिकटवलेल्या कागदी पट्ट्या मात्र अजून तशाच आहेत. पुस्तकं बांधणाऱ्या माणसाने लावलेल्या पट्ट्या. नखाने निघत नाहीत.

आईला तिथे न्यायच्या आधी मला हवेची खात्री करून घ्यायची आहे. म्हणून कपाटातून तू बनवलेला हवा मोजायचा डबा काढला. तोच, साबणाच्या डबीतला. वर जाळीची टोपी घातलेला सेन्सर, खाली हिरवा बोर्ड, पुढे आकडा दाखवणारी पट्टी आणि बाजूला लाल बटण. बाबा त्याला पोपट म्हणायचे. "इंजिनसाहेबांचा पोपट बोलला का आज?" असं रोज सकाळी.

मी तो बाबांच्या खोलीत, वरच्या फळीवर, कापडाच्या गुंडाळ्यांमागे ठेवलाय. आईला सांगितलेलं नाही. आतलं नोंदींचं जुनं कार्ड काढून पाकिटात घातलं आणि नवं बसवलं. जुनं वाचलेलं नाही.

आता प्रश्न. पहिला दिवस आकडा नुसता खाली येत राहिला. चारशे, तीनशे, मग एकशे दहाच्या आसपास येऊन थांबला. तीन वर्षं बंद होता, तेव्हा सुरुवातीला असं होणारच, एवढं मला आठवतं. पण गेले सहा दिवस रोज पाचच्या सुमाराला तो चढायला लागतो. दोनशेच्या जवळ जातो, अर्धा तास तिथेच राहतो, मग उतरतो. मी लायब्ररीतून सव्वासहाला येते तेव्हा तो उतरत असतो. चढ मला फक्त कार्डावर दिसतो.

खोली बंद असते. आई वर असते. घरात तिसरं कुणी नाही.

पाच वाजता बाबा काम आवरायचे, हे तुझ्याही लक्षात असेल. मी यातून काही सुचवत नाहीये. फक्त काय होत असेल ते विचारतेय.

ताई

२४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ना मायना, ना सही. तरी अक्षर बघून मी दारातच बसले. पोस्टमन म्हणाला, "वाईट बातमी आहे का बाई?" मी म्हटलं, नाही, भावाचं पत्र आहे. तो म्हणाला, "मग उभं राहून वाचा की."

तुझ्या चार ओळी मी इथे उतरवून घेते, म्हणजे क्रमाने उत्तर देता येईल.

"तापायला किती वेळ दिलास? शून्य नव्याने घेतलंस का, आणि कुठे? आकडा म्हणजे वायू नव्हे. मघापेक्षा काहीतरी बदललं एवढंच तो सेन्सर सांगतो, काय बदललं ते माणसाने शोधायचं."

तापायला दोन दिवसांहून जास्त दिले. शून्य मात्र जुनंच होतं, ते तुझं पोस्टकार्ड आल्यावर नव्याने घेतलं. बुधवारी लायब्ररीतून येताना लांब वायर विकत आणली, डबा गच्चीत नेला, तासभर वाऱ्यावर ठेवला आणि बटण दाबलं. स्वच्छ हवेचा आकडा सत्त्याण्णव आला. म्हणजे आता एकशे चौऱ्याण्णव झाले, दुप्पट झाले, की तो ओरडणार. तेव्हाही मी असंच केलं होतं, गच्चीत नेऊन.

पुढचं सांगते. गुरुवारी अर्धी रजा घेतली आणि साडेचारला घरी येऊन बाबांच्या खोलीबाहेर बोळात उभी राहिले. दार लोटलेलं होतं. फटीतून फळीवरचे आकडे तेवढे दिसत होते, तांबडे. एकशे आठ. एकशे आठ. एकशे नऊ.

पाचला दहा कमी असताना आत त्यांचं स्टूल करकरलं.

मी देव मानत नाही आणि भुतं त्याहून मानत नाही, तुला माहीत आहे. तरी मी आत न जाता आकडेच बघत राहिले. एकशे एकवीस. एकशे चाळीस. आणि मग तो वास आला. दाढी झाल्यावर ते लावायचे ते लोशन. हाताच्या तळव्यावर ओतून दोन्ही गालांवर थापट मारल्याचा आवाजही आला असं मला वाटलं. तो नंतर मी मनाने जोडला असेल. आकडा चढत होता. माझ्या तोंडून "बाबा" असं निघालं, मोठ्याने नाही.

एकशे चौऱ्याण्णवला पोपट ओरडला.

मी दार ढकललं. स्टुलावर आई बसली होती, मांडीत लोशनची बाटली, झाकण हातात. ती वर बघत होती, आवाज कुठून येतोय ते शोधत. मग तिला ते तांबडे आकडे दिसले.

"आता ओरडतंय," ती म्हणाली. "आता ओरडतंय मेलं! आता!"

मी स्टुलाशेजारच्या खोक्यावर चढून वायर काढली. एकदम शांत झालं. बाटलीतलं थेंबभर सांडू दिलं नव्हतं आईने.

"तू खाली कशी आलीस?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"बसून. एकेक पायरी. लहान पोरं उतरतात तशी."

"आणि वर?"

"वर जायला वेळ लागतो. म्हणून पावणेसहाला निघते, तू यायच्या आत." मग जरा ओशाळून म्हणाली, "लावत नाही हो मी. नुसतं झाकण उघडते. लावलं तर संपेल."

म्हणजे सेन्सरचं बरोबर होतं आणि माझंही. घरात तिसरं कुणी नव्हतं. लोशनमधलं स्पिरिट आणि आपली आई.

मी म्हटलं, "आई, हे मी तुझ्यासाठीच लावलंय."

"त्यानेही ह्यांच्यासाठीच केलं होतं," ती म्हणाली. "उचल ते. मला डोळ्यांसमोर नको. आणि त्याला लिही की तुझं खेळणं दुरुस्त झालं म्हणून."

तिने तुझं नाव घेतलं नाही. पण तीन वर्षांत तुझ्याबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य. ते कसंही असलं तरी तुला कळवावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी कळवते आहे.

ताई

५ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

मागच्या पत्रात एक वाक्य खोटं आहे. "तेव्हाही मी असंच केलं होतं." लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि तसंच राहू दिलं. पाकीट चिकटवताना तर मला ते खरंच वाटत होतं. ते का वाटत होतं ते सांगते.

आईचं "आता ओरडतंय" डोक्यातून जाईना. काल लायब्ररीत जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी जुनं कार्ड संगणकाला लावलं. बरोबर त्या वर्षीची डायरी नेली होती. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं.

माझ्या डायरीत लिहिलंय: "११ जानेवारी. पोपट गच्चीत नेऊन नवं शून्य घेतलं. थंडी फार. बाबांची डोकेदुखी तशीच, चष्म्याचा नंबर बदलला असावा."

कार्डावर लिहिलंय: ११ जानेवारी, दुपारी चार वीस. नवं शून्य, तीनशे अडतीस.

तू ऑक्टोबरमध्ये स्वतः गच्चीत घेतलेलं शून्य एकशे चार होतं. तीनशे अडतीस हा गच्चीचा आकडा नाही. ती बाबांच्या खोलीतली हवा आहे, हीटर चालू आणि खिडक्यांना पट्ट्या.

आता जसं झालं तसं लिहिते. जानेवारी लागल्यापासून पोपट रोज सकाळी ओरडायला लागला होता. मी तुला फोन केला. तू म्हणालास, चामडं पुसायला बाबा स्पिरिट वापरतात त्याने असेल, स्वस्तातला सेन्सर आहे, भरकटतोही. मग म्हणालास, "तरी गच्चीत नेऊन बघ. एक दिवस तापू दे आणि गच्चीत बघ. तिथेही ओरडला तर तो बिघडलाय. तिथे गप्प बसला, तर खोलीत काहीतरी आहे." तुझे शब्द हेच होते. फोन ठेवल्यावर मी ते कागदाच्या कपट्यावर लिहून घेतले होते.

अकरा तारखेला दुपारी मी डबा उचलला. वायर जिन्यापर्यंत पुरेना. दुसरी शेजाऱ्यांकडे मागायला हवी होती. बाहेर बोटं गळून पडतील अशी थंडी. बाबा पुस्तकाला पाठ चिकटवत होते आणि डोक्याला फडकं बांधून बसले होते. म्हणाले, "ग्रंथपालीणबाई, एक तर त्याला गप्प करा नाहीतर मला." मी म्हटलं, करते. आणि तिथेच, त्यांच्या टेबलाशेजारी उभी राहून बटण दाबलं.

तो लगेच गप्प झाला. बाबा म्हणाले, "शहाणा आहे."

तो ओरडत होता ते खरं होतं. हीटरच्या नळीत पक्ष्याने घरटं केलं होतं आणि धूर थोडा थोडा खोलीत परतत होता. ती हवा दाखवून मी त्याला सांगितलं की स्वच्छ हवा म्हणजे हीच. यापुढे याच्या दुप्पट झाल्याशिवाय बोलू नकोस. त्याने ऐकलं. सहाशे शहात्तरपर्यंत बोलायचं नाही. बावीस तारखेला सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी आकडा सहाशे बारा होता. साडेदहाला आई बाबांसाठी चहा घेऊन गेली.

तू संध्याकाळी फोनवर विचारलंस, "गच्चीत काय म्हणाला?" मी म्हटलं, "गप्प बसला." तू म्हणालास, "मग खोलीत बघ ना ताई." मी म्हटलं, "खोलीतही गप्प आहे आता." यातलं दुसरं तरी खरं होतं, असं मी नंतर कितीदा स्वतःला सांगितलंय. मग रात्री डायरीत गच्ची लिहिली, कारण तुला गच्ची सांगितली होती. एवढ्याशा खोट्यासाठी दोन हिशेब कशाला, असं वाटलं. वीस वर्षं डायरी लिहितेय. तेवढी एकच ओळ खोटी आहे, आणि पुढे मला आठवायला लागली ती तीच ओळ. कधी कधी तर गच्चीतला वाराही आठवायचा.

बाबा गेल्यानंतर नवव्या दिवशी आईने सगळ्यांसमोर तुला विचारलं, "तुझं खेळणं गप्प का बसलं?" काका होते, आत्या होती. तू काही बोलला नाहीस. माझ्याकडे बघितलंस. मी कप गोळा करत होते. मला वाटलं तू आधार शोधतोयस. मी खाली बघितलं आणि कप मोजले. अकरा होते.

मी हे तुला सांगते आहे ते तुझ्यासाठी, की माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही असेल. पण तुला हे कळलं पाहिजे. तू केलेलं यंत्र बरोबर होतं.

ताई

१७ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र काल आलं. या वेळी मायना होता. आईला मी म्हटलं, लायब्ररीचं आहे. बघ, जीभ अजून किती सहज वळते.

तू लिहिलंस: "ताई, कार्ड मी तेव्हाच वाचलं होतं. नवव्या दिवशी सकाळी, तुम्ही उठायच्या आधी. तीनशे अडतीस बघितल्यावर वेगळं काही विचारावं लागलं नाही. तू सांगशील म्हणून दिवसभर थांबलो. मग आईने विचारलं आणि तू कप मोजायला लागलीस. मला वाटलं, दोघांपैकी एकाला इथून जाता येतं आणि एकाला आईबरोबर राहायचंय. जाता मला येत होतं. त्यात मोठेपणा नव्हता, राग होता. तो अजून आहे, थोडा."

आणि पुढे: "तू एक गोष्ट लिहिली नाहीस, ती मी लिहितो. शून्य म्हणून काहीही मान्य करेल असं ते बटण मी केलं होतं. दोनशेच्या वरचं शून्य घेऊ नकोस, एवढ्या दोन ओळी घातल्या असत्या तर त्याने तुला नाही म्हटलं असतं. त्या दोन ओळी मी गेली तीन वर्षं रोज मनात लिहितो. म्हणून आईला काही सांगू नकोस. तिला या वयात तुझ्याशिवाय कुणी नाही. माझ्यावर राहू दे, मला सवय झालीय."

मी हे लायब्ररीच्या मागच्या खोलीत वाचलं, दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांच्या ढिगावर बसून. आता ती बाहेर पाठवतो. नवीन बांधणीवाला पाठ फार घट्ट घालतो, पुस्तक उघडं राहत नाही.

तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस त्याचा अर्थ मी तीन वर्षं उलटा लावला. तू आधार शोधत नव्हतास, वाट बघत होतास. आणि आई एकेक पायरी बसून बाबांच्या खोलीत उतरत होती, तेव्हाही मी त्याच घरात राहिले, तिच्या गोळ्या दिल्या, तिची वेणी घातली, चांगली मुलगी म्हणून शेजाऱ्यांकडून ऐकून घेतलं. ते सगळं तू दिलेल्या जागेवर बसून.

कालपासून मी तुझं म्हणणं खरंच तपासून बघतेय. आईला सांगून काय होईल? बाबा परत येणार नाहीत. ती मला घराबाहेर काढणार नाही, तिला ते जमणारही नाही. त्याच घरात, माझ्याच हातचं जेवून, माझ्याकडे न बघता राहील. गेल्या आठवड्यात अखेर तिला खाली हलवलं. पहिल्या रात्री भिंतीकडे तोंड करून झोपली, दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "खोली ऊबदार आहे." अशा बाईला पुन्हा ती सकाळ दाखवायची?

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती मी आजच पाहिली. आज दुपारी आईच्या उशीखाली एक वही सापडली, बाबांनी बांधलेली. चादर बदलत होते. वहीत तिने तुझ्या वाढदिवसांच्या तारखा लिहिल्यात. शेवटचे तीन. प्रत्येकीपुढे एकच शब्द: "फोन?" आणि त्यावर काट मारलेली. तीन वर्षं ती तुला फोन करायला निघते आणि थांबते. थांबते ती बाबांना तू मारलंस असं समजून. मारलंस हा तिचा तेव्हाचा शब्द, माझा नाही. तू राहू दे म्हणतोस ते हेच आहे. तुला सवय झाली असेल, तिला झालेली नाही.

आई आत आली तेव्हा वही माझ्या हातात होती.

"ठेव ते," ती म्हणाली. "लोकांच्या उश्यांखाली काय शोधतेस?"

"चादर बदलतेय."

"चादर वरून बदलतात." मग पलंगावर बसली, बराच वेळ गुडघा चोळत राहिली. "एवढं पत्रावर पत्र चाललंय. काय म्हणतो तो?"

मी वही उशीखाली परत सरकवली.

"लायब्ररीच्या पाकिटावर त्याचं अक्षर कसं असेल गं? मी काय आंधळी आहे?"

मी म्हटलं, बरा आहे.

"जेवतो का नीट?"

मी म्हटलं, ते नाही लिहिलं.

"मग विचार की. तेवढं विचारायला काय होतं."

तर विचारते. नीट जेवतोस का?

त्या दोन ओळींबद्दल. तू त्या घातल्या नाहीस हे खरं. पण गच्चीत ने असं तू मला सांगितलं होतंस, आणि ते दोन ओळींहून सोपं होतं. यंत्राने नाही म्हणावं म्हणून तू तीन वर्षं झुरतोयस. मी माणूस होते, मला नाही म्हणता येत होतं. तुझा वाटा तू ठेव, मी तो पुसायला जाणार नाही. माझा मात्र मला परत दे.

तू मला एकदा सांगितलंस, गच्चीत ने. मी ऐकलं नाही. आता सांगतोस, आईला सांगू नकोस. तेही मी ऐकणार नाही, आणि या वेळी आधीच कळवते आहे. ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिहीन, मला न शोभणारं असलं तरी. रागावली, तर रागावली असं लिहीन. तुझं नाव घेतलं, तर ते कसं घेतलं तेही.

हे पत्र संध्याकाळी लिहितेय, तिच्याच खोलीत, तिच्यासमोर. ती विचारतेय, "एवढं काय लिहितेस त्याला?" मी म्हटलं, उद्या सांगते. "आज का नाही?" म्हणाली. खरं उत्तर भीती हे होतं. आज तिचा रक्तदाबही चढलेला आहे, मघाशीच मोजला. ही सबब आहे की काळजी, ते मी तपासलं. या वेळी काळजी आहे, असं मला वाटतं. पण या काळजीची सबब व्हायला एक दिवस पुरेल. म्हणून डायरीत नेहमीच्या जागी, तारखेखाली, लिहून ठेवलंय, आणि ते तुझ्यासमोरही लिहिते, म्हणजे मला फिरता येणार नाही.

उद्या: सकाळी आईची गोळी झाली की तिला सांगणे.

ताई